डॉ. मोतीचंद्र : पंडिताची लेखणी आणि संचालकाची खुर्ची

विद्वान मनुष्य एकदां अधिकाराच्या खुर्चीवर बसला म्हणजे त्याच्यांतील विद्वान हळूहळू मावळतो व कारभारी तेवढा मागें उरतो, अशी एक समजूत आपल्या लोकांत फार दिवसांपासून रूढ आहे. तिला आधार नाहीं असें नाहीं. प्राचार्य झाल्यावर ज्यांनीं पुस्तक उघडलें नाहीं असे प्राध्यापक, आणि खात्याचे प्रमुख झाल्यावर ज्यांचें संशोधन वार्षिक अहवालापुरतें उरलें असे संशोधक, वाचकांच्या पाहण्यांत असतीलच. ह्या समजुतीची दुसरी बाजू अलीकडे अधिक जोरानें पुढें येत आहे. ती अशी कीं, वस्तुसंग्रहालयासारखी संस्था चालविण्यास पंडिताची मुळींच गरज नाहीं. पैसा उभारणारा, इमारत राखणारा व गर्दी खेंचणारा कुशल व्यवस्थापक मिळाला म्हणजे झालें. विद्वान हवाच असेल तर तो हाताखालीं ठेवावा. पहिल्या मतानें विद्वानाची कींव केली जाते, दुसऱ्या मतानें त्याला दारांतच थांबविलें जातें. दोहोंच्या बुडाशीं गृहीत मात्र एकच आहे, तें हें कीं, संग्रहालय सांभाळणें आणि कलेचा इतिहास लिहिणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. हें गृहीत कितपत खरें आहे, ह्याचा विचार आम्ही एका थोर गृहस्थाच्या कारकीर्दीच्या आधारें करूं इच्छितों. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमचे, म्हणजे १९९८ पासून ज्याला छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असें नांव मिळालें त्या संस्थेचे, एके काळचे संचालक डॉ. मोतीचंद्र हे ते गृहस्थ होत.

हा प्रश्न उरणच्या बाजूनें पाहिला म्हणजे अधिक टोंचतो. घारापुरीचें बेट उरण तालुक्यांत मोडतें ही गोष्ट मुंबईकर प्रवासी बहुधा विसरतो. कारण अपोलो बंदरावर लाँचींत बसून तो तेथें जातो आणि तसाच परत येतो. बेटावरील मुख्य लेणें सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें मानण्यांत येतें, आणि १९८७ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर ह्या तेथील तीन वाड्यांत मात्र समुद्राच्या तळांतून तारा नेऊन वीज पोंचली ती २०१८ सालीं. पोर्तुगीजांनीं बेटाला दिलेलें एलिफंटा हें नांव ज्या पाषाणी हत्तीवरून पडलें, तो हत्ती १८६४ सालीं विलायतेस नेण्याकरितां उचलीत असतां कोसळून फुटला. त्याचे तुकडे मुंबईस आणण्यांत आले, आणि पुढें सांधून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्यास जिजामाता उद्यानांत आहे. घारापुरीच्या भग्न महिषासुरमर्दिनीसारखीं शिल्पें फोर्टांतील संग्रहालयांत आहेत. म्हणजे उरणच्या माणसाला आपल्याच तालुक्यांतील कांहीं मूर्ति पाहावयाच्या असतील तर मोऱ्याच्या बंदरावरून भाऊच्या धक्क्यास जावें लागतें.

ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. त्या मूर्ति उघड्यावर राहिल्या असत्या तर त्यांची काय गत झाली असती, हें लेण्यांतील तुटक्या हातापायांवरून दिसतेंच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, एखादी वस्तु तिच्या जागेवरून उचलून चौथऱ्यावर किंवा काचेच्या कपाटांत ठेवली म्हणजे संग्रहालयाच्या नांवावर एक कर्ज चढतें. डोंगर सुटला, समुद्र सुटला, पूजा करणारे हात सुटले. त्यांच्याबरोबर वस्तूचा अर्धा अर्थही सुटला. तो अर्थ शोधून काढून पाहणाऱ्याच्या हातीं देणें हीच त्या कर्जाची फेड. आतां ही फेड कोण करणार? जमाखर्च नीट ठेवणाऱ्या व्यवस्थापकाला त्या कर्जाची नोंदच दिसत नाहीं. ती ज्याला दिसते तो इतिहासकार. आणि तोच जर संस्थेच्या प्रमुखपदीं असेल, तर फेड होण्याची कांहीं आशा. मोतीचंद्रांची कारकीर्द ह्याच मापानें मोजली पाहिजे असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म १९०९ सालीं काशीस, भारतेंदु हरिश्चंद्रांच्या घराण्यांत झाला. लंडन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी घेऊन ते स्वदेशीं परतले, आणि १९३७ सालीं मुंबईच्या संग्रहालयांत कलाविभागाचे क्यूरेटर म्हणून रुजू झाले. १९५० च्या सुमारास ते संचालक झाले व त्यापुढील सुमारें दोन दशकें त्या जागीं राहिले. १९७४ सालीं त्यांचें निधन झालें. ज्या संस्थेंत त्यांनीं आपलें आयुष्य घातलें तिची घडण लक्षांत घेतल्यावांचून त्यांच्या कामाचें मोल कळणार नाहीं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं तिच्या इमारतीची कोनशिला बसली. जॉर्ज विटेट ह्या वास्तुशिल्पज्ञानें रचलेली ती इमारत १९१४ सालीं पुरी झाली. पण महायुद्ध सुरू झाल्यामुळें तींत आधीं लष्करी रुग्णालय आलें, आणि संग्रहालय म्हणून ती लोकांस खुली झाली ती १० जानेवारी १९२२ रोजीं. पुरुषोत्तम मावजी, सर रतन टाटा, सर दोराब टाटा अशा श्रीमंत रसिकांचे संग्रह तिच्या पोटांत आले. धनिकाचा संग्रह हा त्याच्या आवडीचा आरसा असतो. त्यांत चिनी मातीचें भांडें, युरोपांतील तैलचित्र आणि राजपुतान्यांतील रागमालेचें पान हीं शेजारीं शेजारीं बसतात, व त्यांना एकत्र आणणारा धागा इतकाच कीं तीं एका गृहस्थाला आवडलीं. अशा ठेव्याला इतिहासाच्या रांगेंत बसविणें हें मोतीचंद्रांच्या वाट्यास आलेलें काम होतें.

१९४९ सालीं, म्हणजे संचालकपदाच्या उंबरठ्यावर असतांना, त्यांचे दोन इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाले. एक पश्चिम हिंदुस्थानांतील जैन लघुचित्रांवर, दुसरा मोगल चित्रांच्या तंत्रावर. पहिला ग्रंथ त्या काळच्या विद्वत्तेच्या रीतीस धरून आहे. शैलीचे टप्पे पाडावे, पोथ्यांच्या सनांवरून क्रम लावावा, ग्रंथांतरींचे उल्लेख जमवावे. दुसऱ्याची जात वेगळी आहे. कागद कसा घोंटावा, कुंचला कशाचा करावा, रंग कोणत्या मातींतून, दगडांतून वा वनस्पतींतून काढावे, आधीं रेघ कीं आधीं रंग, हे प्रश्न त्यांत आले आहेत. असे प्रश्न नुसत्या ग्रंथालयांत बसणाऱ्याला सहसा पडत नाहींत. ज्याच्या हातांत रोज मूळ चित्र येतें, कोणतें पान दमट हवेंत फुगतें आणि कोणता हिरवा रंग कागद खातो ह्याची ज्याला धास्ती असते, त्यालाच ते पडतात. संग्रहालयाच्या नोकरीनें मोतीचंद्रांतील पंडिताला खाल्लें नाहीं. तिनें त्याला नवे प्रश्न पुरविले, हें येथेंच दिसूं लागतें.

संचालक झाल्यावर ह्या प्रश्नांचें क्षेत्र वाढत गेलें. १९५० सालीं त्यांचें ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ हें पुस्तक निघालें आणि १९५३ सालीं ‘सार्थवाह’. पहिल्यांत मूर्तींच्या व भित्तिचित्रांच्या अंगावरील वस्त्रें हा विषय आहे. शिल्पाकडे देवता म्हणून किंवा शैलीचा नमुना म्हणून पाहणारे अनेक झाले. पण ही स्त्री जें नेसली आहे तें कापड कोणतें, तें विणलें कोठें, तें नेसण्याची रीत कोणत्या प्रांताची, असें विचारणारे थोडे. ‘सार्थवाह’ ह्यापुढें जातो. सार्थवाह म्हणजे व्यापारी तांड्याचा नायक. प्राचीन हिंदुस्थानांतील खुष्कीच्या व समुद्राच्या वाटा, त्यांवरील बंदरें, चोरांचें व वादळांचें भय, जकाती व मुक्काम ह्यांचा हा इतिहास आहे. त्याकरितां त्यांनीं जातककथा चाळल्या, जैन आगमांवरील भाष्यें व चूर्णी चाळल्या, संगम काळचें तामिळ साहित्य व ग्रीक खलाशाचें ‘पेरिप्लस’ तपासलें, आणि शेवटीं भारतीय कलेंत तांडा व जहाज हीं कशीं दिसतात तें पाहिलें. त्यास प्रस्तावना लिहिली ती वासुदेवशरण अग्रवालांनीं. आणि तेही मथुरा व लखनौ येथील संग्रहालयांचे क्यूरेटर होते, हा कांहीं निव्वळ योगायोग नव्हे. वस्तु हाताळणाऱ्या दोघां माणसांनीं शब्दकोशांतील शब्दांना पुन्हां वस्तूशीं नेऊन भिडविलें असें ह्या ग्रंथाविषयीं म्हणतां येईल.

हे दोन्ही ग्रंथ हिंदींत आहेत ही गोष्ट आमच्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी. संग्रहालयाचीं पत्रकें, याद्या व विद्वत्सभांतील निबंध इंग्रजींत लिहिणाऱ्या ह्या गृहस्थानें आपलें सर्वांत विस्तृत संशोधन आपल्या मातृभाषेच्या पदरांत टाकलें. ‘सार्थवाहा’चा विषय इंग्रजी ग्रंथाच्या रूपानें १९७७ सालीं बाहेर आला, तेव्हां कर्ता हयात नव्हता. काशीचा इतिहासही त्यांनीं १९६२ सालीं हिंदींतच प्रसिद्ध केला. मराठी विद्वानांस ह्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. आधीं इंग्रजींत लिहूं, मग सवड मिळाल्यास मराठींत सार देऊं, असें म्हणतां म्हणतां किती जणांची सवड संपून गेली ह्याची मोजदाद करावयास नको.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. ‘सार्थवाह’ वाचतांना वाचकाची दमछाक होते. उताऱ्यामागून उतारा, नांवामागून नांव येतें. आणि एवढ्या सामग्रीवरून आम्हीं काय समजावें असें विचारावें, तर ग्रंथकार पुढल्या मुक्कामास निघून गेलेला असतो. संग्राहकाची संवय लेखनांत उतरली म्हणजे असें होतें. मिळालेली कोणतीच वस्तु बाहेर ठेववत नाहीं. संचालकाच्या खुर्चीचा वाईट परिणाम दाखवावयाचाच असेल तर आम्ही तो येथें दाखवूं. लिहिणें थांबलें नाहीं, पण लिहिलेल्याची निवड करण्यास लागणारा निवांतपणा कमी पडला.

तथापि हा विद्वान आपल्याच मतांचा कैदी झाला नाहीं, हा त्याचा मोठा गुण. जैन पोथ्यांतील चित्रांचें केंद्र गुजराथ व राजपुताना, अशी १९४९ पर्यंतची मांडणी होती. पुढें मांडू येथें १४३९ सालीं चितारलेली कल्पसूत्राची पोथी पुढें आली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आरण्यकपर्वाची १५१६ सालची सचित्र पोथी होती, ती आग्र्याच्या टापूंतली निघाली. कार्ल खंडालावाला ह्या कायदेपंडित रसिकाच्या जोडीनें मोतीचंद्रांनीं अशीं सन असलेलीं चित्रें पारखलीं, आणि १९६९ सालीं दोघांनीं मिळून भारतीय चित्रकलेच्या नव्या पुराव्यांवर ग्रंथ लिहून आधींच्या आंखणीचा फेरविचार केला. त्यापूर्वी १९५७ सालीं मेवाडच्या सतराव्या शतकांतील चित्रांवर मोतीचंद्रांचें पुस्तक आलें होतें. संचालकाचें घर हें पुराव्याचें घर असतें. नवा कागद दारीं आला कीं जुनें अनुमान तपासून पाहावेंच लागतें. ही शिस्त त्यांनीं पाळली.

परंतु ह्या सर्व यादीकडे पाहतां एक गोष्ट डोळ्यांत भरते. चित्रांना जितका वेळ मिळाला तितका दगडांना मिळाला नाहीं. संग्रहालयांतील पाषाणशिल्पांची मोतीचंद्रांनीं केलेली सूची प्रसिद्ध झाली ती १९७४ सालीं, म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं. ह्याचें कारण आमच्या मतें असें आहे. पोथीचें पान टेबलावर ठेवून भिंगाखालीं पाहतां येतें. त्याचा सन बहुधा त्याच्याच पुष्पिकेंत असतो. त्याचा देश त्याच्या अंगावर लिहिलेला असतो. दगड मात्र आपल्या डोंगरापासून तुटला कीं मुका होतो. त्याला बोलतें करावयाचें तर संशोधकानें संग्रहालय सोडून खाडींत, गांवकुसाजवळ, देवळाच्या पडवींत हिंडलें पाहिजे. आणि हिंडण्यास संचालकाला फुरसत कोठची?

येथें आम्ही उरणचेंच उदाहरण देतों, म्हणजे काय राहून गेलें हें कळेल. उरणजवळच्या रानवड व चांजे ह्या गांवीं उत्तर कोंकणच्या शिलाहारांचे शिलालेख सांपडले. त्यांत शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर ह्याचे दोन आहेत, एक शके ११८१ चा, दुसरा शके ११८२ चा. म्हणजे १२६० च्या सुमारास ह्या किनाऱ्यावर त्याचा अंमल चालू होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत देवगिरीच्या महादेव यादवानें त्याच्यावर स्वारी केली, आणि सोमेश्वरानें त्याच्या हातीं लागण्यापेक्षां समुद्रांत बुडणें पत्करलें असें हेमाद्रीनें वर्णिलें आहे. मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीजवळ एक्सर येथें जे वीरगळ उभे आहेत त्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे, आणि कित्येक विद्वान ती ह्याच युद्धाची मानतात. आतां पाहा : चांजे-रानवडचे लेख पुराभिलेखाच्या ग्रंथांत, वीरगळ मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांत आणि गलबतें व्यापाराच्या इतिहासांत, अशी वांटणी झाली. हीं तिन्हीं एका ठिकाणीं मांडलीं तर करंज्याच्या कोळ्यालाही आपल्या समुद्रावर काय घडून गेलें तें समजेल. जहाजांचा इतिहास लिहिणारा पंडित आणि शिल्पांचा धनी असलेला संचालक एकाच देहांत वावरत होते. ती सांधणी करण्यास त्यांच्याइतका योग्य दुसरा कोणी नव्हता. ‘पेरिप्लस’कारानें सांगितलेली कल्याण बंदराची हकीकत, ग्रीक जहाज तेथें चुकून आलें तर त्याला पहाऱ्यांत भडोचकडे नेत ती, ह्याच बाजूच्या पाण्याची आहे. ग्रंथांत ती आली. ती घारापुरीच्या मूर्तीशेजारीं उभी राहून पाहणाऱ्यास कळावी अशी सोय व्हावयाची राहिली.

तिची दिशा पुढल्या पिढींत दिसूं लागली. सदाशिव गोरक्षकर (१९३३–२०१९) हे त्याच संग्रहालयाचे संचालक झाले. २००३ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. पंडित म्हणून मोतीचंद्रांशीं त्यांची बरोबरी करण्याचें कारण नाहीं. त्यांचा पिंड निराळा होता. भारतीय कलेंतील प्राणी, भारताचा सागरी वारसा, महाराष्ट्रांतील राजभवनें हे त्यांच्या लेखनाचे विषय पाहिले तरी हें कळतें. जो विषय घेऊन सामान्य मनुष्य दालनांत शिरूं शकेल तो त्यांनीं घेतला. महाराष्ट्रांतील संस्कृतीच्या पहाटेवर १९७५ सालीं संग्रहालयानें जें प्रदर्शन भरविलें, तेंही ह्याच वाटेवरचें पाऊल होय. सागरी वारशाचा विषय तर ‘सार्थवाहा’च्या शेवटल्या प्रकरणाशीं थेट नातें सांगतो. गुरूच्या ग्रंथांतला विषय शिष्यपिढीनें दालनाच्या भिंतीवर आणावा, ह्यांत संस्थेचें सातत्य असतें. पण ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, भिंतीवर आणावयास तो आधीं कोणीतरी ग्रंथांत शोधून ठेवावा लागतो. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारूं म्हणणाऱ्यांच्या हातीं रंगीत दिवे आणि मोठीं अक्षरें एवढेंच राहतें.

एवढ्यावरून आमचा निर्णय वाचकांस कळला असेल. मोतीचंद्रांच्या बाबतींत खुर्चीनें लेखणी मोडली नाहीं. तिनें लेखणीला कागद, रंग, कापड व जहाज हे विषय दिले, आणि त्या बदल्यांत निवांतपणा व पायपीट हीं दोन काढून घेतलीं. हिशेब असा दुहेरी आहे, व तो तसाच मांडला पाहिजे. त्यांची स्तुतिच करणारे आणि त्यांच्या ग्रंथांना नुसत्या याद्या म्हणणारे, हे दोघेही अर्धीच वही वाचतात. आणि ह्यावरून पुढील नेमणुकांविषयीं जें अनुमान निघतें तें असें कीं, संग्रहालयाचा प्रमुख इतिहासकारच असावा; मात्र त्याच्या डोक्यावरचा हिशेब-तपासणीचा व पाहुणचाराचा भार उचलण्यास दुसरा माणूस द्यावा, आणि वर्षांतून कांहीं महिने त्याला संग्रहालयाबाहेर, वस्तूंच्या मूळ गांवीं, घालवावयास लावावें. आज नेमकें ह्याच्या उलट घडूं पाहत आहे, म्हणून हें लिहिण्याची गरज वाटली.

उरणपुरतें बोलावयाचें तर अंतराची सबब आतां उरलेली नाहीं. शिवडीहून न्हाव्यास येणारा सुमारें २२ किलोमीटरांचा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला, आणि त्याच दिवशीं आगगाडीही उरणपर्यंत आली. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरांत परदेशचीं जहाजें लागतात. म्हणजे ‘सार्थवाहा’चा विषय ह्या तालुक्याच्या दारांत अजून चालूच आहे. चांजे-रानवडच्या लेखांचे ठसे, एक्सरच्या वीरगळांचीं छायाचित्रें व घारापुरीच्या विस्थापित मूर्तींच्या प्रतिकृति एकत्र करून मराठी टिपणांसह मांडण्यास उरणांत एक लहानसें दालन पुरे आहे. तें उभारण्यास पैसा फारसा लागणार नाहीं. लागेल तो मोतीचंद्रांच्या जातीचा एक अभ्यासक, आणि त्याला दालनाबाहेर सोडण्याचें धैर्य असलेली एक संस्था.